दिल्याचा कागद : ‘आय, डॅनियल ब्लेक’ आणि अपिलाची गोष्ट

चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर काळोख असतो आणि दोन आवाज ऐकू येतात. एक बाई प्रश्न विचारते आहे, एक प्रौढ पुरुष उत्तरं देतो आहे. कोणाच्या आधाराशिवाय पन्नास मीटर चालता येतं का? डोक्यावर टोपी घालायची तर हात तेवढा वर जातो का? टेलिफोनचं बटण दाबता येतं का? पुरुष आधी सरळ उत्तरं देतो, मग वैतागतो. बिघाड माझ्या हृदयात आहे, त्याबद्दल विचारा, असं तो सांगून पाहतो. बाई पुढच्या प्रश्नाकडे जाते. तिच्यासमोरच्या यादीत हृदय नाही.

केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ २०१६ साली आला. कान महोत्सवात त्याला ‘पाम दोर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची. हा लेखक जन्माने कोलकात्याचा आणि शिक्षणाने कायद्याचा. दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण चित्रपटाचा कणा कायद्याचा आहे.

मी तो आमच्या जिल्ह्याच्या गावी एका फिल्म सोसायटीत पाहिला. नंतरच्या चर्चेत प्रत्येक जण फूड बँकेच्या दृश्याबद्दल बोलला. भुकेली केटी तिथे उभ्या उभ्याच डबा फोडून खाते, ते दृश्य. कोणी माणुसकीबद्दल बोललं, कोणी भांडवलशाहीबद्दल. मी मागच्या खुर्चीत गप्प होतो. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, चित्रपटाच्या भाषेचा अभ्यास नाही. पण सरकारी अर्ज, नमुने, परिपत्रकं आणि निकाल वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. मला त्या अंधाऱ्या सभागृहात एक वेगळाच चित्रपट दिसला. हा भत्ता मागणाऱ्या माणसाचा चित्रपट आहेच, पण त्याहून अधिक तो भत्ता नाकारल्यावर दाद कुठे मागायची याचा चित्रपट आहे. त्या नजरेने पाहिलं की त्याचं मोठेपणही दिसतं आणि त्याची चूकही.

सुतार आणि पंधरा गुण

डॅनियल ब्लेक न्यूकॅसलचा सुतार, वय ५९. डेव्ह जॉन्स या नटाने तो इतका साधा केला आहे की आपल्या आळीतला वाटावा. कामावर असताना त्याला हृदयविकाराचा झटका येतो. डॉक्टर म्हणतात, इतक्यात काम करायचं नाही. म्हणून तो आजारी आणि अपंगांसाठी असलेल्या ‘एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’ या भत्त्यावर आहे. हा भत्ता ब्रिटनमध्ये २००८ साली आला आणि त्याच्यासोबत काम करण्याच्या क्षमतेची तपासणी आली. तिचं कंत्राट सरकारने खासगी कंपनीला दिलं. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त आजारी. भत्त्यासाठी १५ गुण लागतात. डॅनियलला १२ मिळतात.

इथून पुढची साखळी नीट पाहायला हवी. सभागृहात ती कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती.

भत्ता बंद झाल्याचं पत्र येतं. डॅनियल फोन करतो. १ तास ४८ मिनिटं त्याला फोनवर संगीत ऐकावं लागतं. मग कळतं की अपील थेट करता येत नाही, आधी खात्याकडेच पुनर्विचार मागायचा. त्याआधी ‘निर्णयकर्ता’ नावाच्या अदृश्य माणसाचा फोन यायला हवा. खरं तर तो पत्राच्या आधी यायला हवा होता. तोवर खायचं काय? तर ‘जॉबसीकर्स अलाउन्स’, म्हणजे काम शोधणाऱ्यांचा भत्ता. त्याचा अर्ज ऑनलाइन. ज्याने आयुष्यभर रंधा आणि करवत चालवली त्याला माऊस हातात धरता येत नाही. आणि तो भत्ता घ्यायचा तर आपण कामाला तयार आहोत असं सांगून आठवड्याला ३५ तास काम शोधल्याचा पुरावा द्यायचा. डॉक्टर सांगतात काम करू नकोस. पोटासाठी त्याला लिहून द्यावं लागतं, मी काम करतो.

या विसंगतीचं सगळ्यात चांगलं दृश्य फूड बँकेचं नाही. डॅनियल हाताने लिहिलेली माहिती घेऊन दारोदार फिरतो आणि एक मालक त्याला खरोखरच काम देऊ करतो. डॅनियलला नाही म्हणावं लागतं. मालक चिडतो, त्याला वाटतं हा फुकटखाऊ, भत्त्यासाठी सोंग करतो आहे. बिचाऱ्या मालकाचं चुकत नाही. सरकारने डॅनियलला खोटं बोलायला लावलं आणि त्या खोट्याची शरम मात्र एका कष्टकऱ्याने दुसऱ्या कष्टकऱ्यासमोर सोसली.

दाराआधीचं दार

हा पुनर्विचार लॅव्हर्टींच्या कल्पनेतला नाही. ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ या नावाने तो २०१३ साली लागू झाला. डॅनियलच्या भत्त्यासाठी त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून. त्याआधी भत्ता नाकारलेला माणूस सरळ अपील करू शकत होता, आणि आजारपणाच्या भत्त्यात अपील चालू असेपर्यंत मूळ दराने पैसे मिळत राहत. आता अपिलाच्या दाराआधी आणखी एक दार आलं आणि त्या दारात उभं असताना पैसे बंद झाले. अर्जदाराने पुनर्विचार एका महिन्यात मागायचा. खात्याने तो किती दिवसांत करायचा, याला कायद्यात मर्यादा घातली नाही. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भत्त्यांच्या या पहिल्या पायरीच्या दाव्यांसाठी मिळणारी सरकारी कायदेशीर मदतही बंद झाली होती. म्हणजे वाट लांबवली आणि वाटाड्या काढून घेतला, दोन्ही एकाच वर्षात.

परिणाम आकड्यांत दिसतो. सामाजिक सुरक्षेच्या न्यायाधिकरणाकडे २०१२-१३ मध्ये पाच लाखांहून अधिक अपिलं आली होती. २०१४-१५ मध्ये ती सव्वा लाखाच्या आत आली. या घसरणीला पुनर्विचार हे एकच कारण नव्हतं. त्या काळात तपासण्याही मंदावल्या होत्या. पण दुसरा आकडा पाहा. चित्रपट आला त्या सुमारास या भत्त्याची जी अपिलं सुनावणीपर्यंत पोहोचत, त्यांतली निम्म्याहून अधिक अर्जदार जिंकत होते. एखाद्या शाळेतले निम्म्याहून अधिक नापास विद्यार्थी फेरतपासणीत पास होऊ लागले, तर आपण विद्यार्थ्यांना दोष देत नाही.

चित्रपटावर तेव्हा टीकाही झाली. हे कल्याण खातं ज्यांनी सहा वर्षं सांभाळलं होतं ते माजी मंत्री इयन डंकन स्मिथ यांचा आक्षेप असा होता की वाईट घडू शकेल ते सगळं एकत्र करून चित्र रंगवलं आहे. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतला आणि चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना वही घेऊन बसलो. कोणत्या प्रसंगात कर्मचारी नियम मोडतात त्याची यादी करायची होती. यादीत एकच नाव आलं. ॲन. डॅनियलला संगणकावर अर्ज भरताना हात लावून मदत करणारी बाई. तिला वरिष्ठ आत बोलावून समज देतात, असा पायंडा पाडू नको म्हणून. बाकी बहुतेक जण नियमाने वागतात. केटी बसचा घोळ होऊन उशिरा पोहोचते आणि तिचा भत्ता कापला जातो, तोही नियमानेच. चित्रपटातला खलनायक कोणी दुष्ट कारकून असता तर डंकन स्मिथ बरोबर ठरले असते. लोच आणि लॅव्हर्टी यांनी खलनायक म्हणून कार्यपद्धती निवडली, आणि ती त्यांनी खातेपुस्तिकेतून घ्यावी तशी घेतली.

जुनीच प्रश्नावली

या कार्यपद्धतीला वंशावळ आहे. ब्रिटनमध्ये बेकारीचा पहिला सरकारी विमा १९११ च्या कायद्याने आला. मोजक्या धंद्यांतल्या कामगारांना आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. रक्कम तुटपुंजी, पण त्या कायद्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून होती. अधिकाऱ्याने दावा नाकारला तर प्रकरण ‘कोर्ट ऑफ रेफरीज’कडे जाई. तिथे एक अध्यक्ष, एक मालकांचा प्रतिनिधी आणि एक कामगारांचा प्रतिनिधी बसत. त्यावर पुन्हा ‘अम्पायर’ म्हणजे अंतिम पंच. बेकाराला पैसे देण्याचा विचार आणि त्याला दाद मागू देण्याचा विचार एकाच कायद्यात जन्मले होते.

मग मंदी आली आणि प्रश्न वाढले. १९२१ पासून अट घातली गेली की दावेदार मनापासून काम शोधत असला पाहिजे, आणि ते त्यानेच सिद्ध करायचं. १९२४ मध्ये ही अट सगळ्याच दावेदारांना लागली. जिथे काम नाही हे सगळ्या गावाला माहीत, तिथे माणसं कारखान्यांच्या फाटकांवर हिंडत, नकार गोळा करत. १९३० मध्ये ती अट रद्द झाली. डॅनियलची हस्तलिखित माहिती बाजूला सारून त्याच्याकडे फोनमधले पुरावे मागणारी कर्मचारी मला त्या अटीचीच नात वाटते.

१९३१ मध्ये कुटुंबाची मिळकत तपासण्याची पद्धत आली. वॉल्टर ग्रीनवूड यांची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी १९३३ ची, सॅल्फर्डच्या कामगार वस्तीतली. तिच्यात हॅरी या तरुणाचा भत्ता जातो, कारण घरात इतरांची मिळकत आहे. ब्रिटिश सेन्सॉरने १९३६ मध्ये या कादंबरीवर चित्रपट करू दिला नाही. तो १९४१ मध्ये, युद्धाने बेकारी संपवल्यावर आला. ग्रीनवूड आणि लोच यांच्यात ८३ वर्षांचं अंतर आहे, तरी दोघांच्या खिडकीमागे तोच प्रश्न बसला आहे: तुला खरंच गरज आहे का, सिद्ध कर.

आणि दोघांची एक खोडही तीच आहे. ग्रीनवूडच्या कादंबरीत विचार करणारा, बोलणारा लॅरी मोर्चानंतर मरतो. लोचच्या चित्रपटात डॅनियल मरतो. इथे माझी तक्रार सुरू होते.

न झालेली सुनावणी

शेवटी डॅनियलला अपिलाची तारीख मिळते. त्याला मदत करणारा सल्लागार सांगतो की डॉक्टरांचे अहवाल भक्कम आहेत, निकाल आपल्या बाजूने लागेल. डॅनियल तोंड धुवायला जातो आणि तिथेच कोसळतो. सुनावणी होत नाही. त्याने सुनावणीसाठी लिहून आणलेलं निवेदन केटी त्याच्या अंत्यविधीत वाचते. सभागृहात हुंदके येतात. मलाही आले.

तिसऱ्यांदा पाहताना मात्र मला राग आला. दीड तास चित्रपटाने मला एका दारापर्यंत आणलं आणि दार उघडायच्या क्षणी माझ्यासमोर प्रेत ठेवलं. आत काय झालं असतं?

ते सांगता येतं. या भत्त्याच्या अपिलात एक न्यायाधीश आणि एक डॉक्टर बसत. म्हणजे डॅनियलला हृदयाबद्दल विचारणारं माणूस पहिल्यांदाच समोर येणार होतं. दुसरं म्हणजे, या भत्त्याच्या २००८ च्या नियमावलीत २९ क्रमांकाचा नियम आहे. १५ गुण भरले नाहीत तरी, कामाला योग्य ठरवल्याने माणसाच्या प्रकृतीला मोठा धोका होणार असेल, तर त्याला कामाला असमर्थ मानायचं. झटका आलेला सुतार, काम करू नको म्हणणारे डॉक्टर, आणि हा नियम. डॅनियलचा विजय कायद्यात आधीच लिहिलेला होता. सुरुवातीच्या काळोखातल्या त्या प्रश्नांच्या यादीत तेवढा एकच प्रश्न नव्हता.

हे दृश्य लिहिलं असतं तर? डॉक्टर पाच मिनिटं प्रश्न विचारतात, न्यायाधीश दावा मान्य करतात, डॅनियल बाहेर येतो. कित्येक महिन्यांची उपासमार पाच मिनिटांत चूक ठरते. त्याच्या हातात थकलेले पैसे येतात. विकलेलं घरसामान परत येत नाही. मला वाटतं, हा शेवट मृत्यूपेक्षा जास्त जड गेला असता. माणूस मेला की प्रेक्षक हळहळतो आणि दैवाला दोष देऊन घरी जातो. जिंकला असता तर विचारावं लागलं असतं: हे पहिल्याच दिवशी का नाही झालं? आणि जे या दारापर्यंत आलेच नाहीत, त्यांचं काय? केटीला भत्ताकपातीविरुद्ध दाद मागता आली असती. चित्रपट तिला त्या वाटेवर नेतच नाही. तिला चोरी आणि देहविक्रीकडे नेतो.

लोच यांच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांचं म्हणणं असं असेल की विलंब हाच निकाल होता, आणि आजारी माणसाच्या बाबतीत ते खरं आहे. तरीही वास्तवाने चित्रपटाला जो शेवट दिला तो वेगळा आहे. जुलै २०२० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. अपील केल्यावर ज्याला भत्ता सुरू ठेवता आला असता, अशा आजारी माणसाला आधी बिनपैशाच्या सक्तीच्या पुनर्विचारातून जायला लावणं हा न्यायापर्यंत पोहोचण्याच्या हक्कात आणलेला अवाजवी अडथळा आहे, म्हणून बेकायदा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या दारात डॅनियल खंगला ते दारच चार वर्षांनी बेकायदा ठरलं. ते ठरवून घेणारा माणूस जिवंत होता आणि चिवट होता.

या चित्रपटातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं दृश्य शेवटचं नाही. डॅनियल कार्यालयाच्या भिंतीवर रंगाने आपलं नाव लिहितो आणि मागणी लिहितो. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवतात, आमच्या सभागृहातही वाजल्या. पण त्याने काय लिहिलं ते वाचा. तो भत्ता मागत नाही. उपाशी मरायच्या आत अपिलाची तारीख मागतो, आणि फोनवरचं संगीत बदला म्हणतो. एका माणसाने सरकारकडे तारीख मागावी आणि त्यासाठी त्याला अटक व्हावी, ही या चित्रपटाची खरी गोष्ट आहे.

आपली तारीख

कोणी म्हणेल, साहेबाच्या देशातल्या भत्त्याचं आपल्याला काय? भिंतीवरची ती तारीख मला ओळखीची वाटली, म्हणूनच मी या चित्रपटाच्या मागे लागलो.

काम मिळालं नाही तर सरकारने पैसे द्यावेत, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर आली, तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा. त्यात बेकारी भत्ता होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो आणखी स्पष्ट केला: काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही, तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता. तो राज्याने द्यायचा. पण १५ दिवस मोजायचे कुठून? काम मागणीच्या अर्जाच्या पोचपावतीवरच्या तारखेपासून. पोचपावती नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर भत्ता नाही, आणि जो भत्ता देय झालाच नाही त्याच्यासाठी दाद कसली मागणार?

२०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही चार-पाच जणांनी बायाबापड्यांचे अर्ज भरून दिले. नमुना ४, प्रत्येकीचं जॉब कार्ड क्रमांकासह. अर्ज घेतले गेले, हसून घेतले गेले. पोच मागितली तर उत्तर ठरलेलं: साहेब आले की सही करून देतो. साहेब येत, पण सही राहून जाई. तीन आठवड्यांनी मी भत्त्याची माहिती सांगायला गेलो तेव्हा एका मावशींनी मला अडवलं. म्हणाल्या, “दादा, कागद दिला खरा, पण दिल्याचा कागद कुठंय?”

त्या मावशींनी कोणताही कायदा वाचला नव्हता. त्यांना भत्त्याच्या हक्काचं मर्म माझ्याआधी कळलं होतं. पैसे किती, अटी कोणत्या, हे सगळं नंतरचं. आपण मागितलं होतं हे ज्याला दाखवता येतं, त्यालाच नाकारलं गेल्याचं सिद्ध करता येतं. डॅनियलकडे निदान नकाराचं पत्र होतं, १२ गुणांचा कागद होता, शेवटी तारीखही होती. त्याची लढाई त्या कागदांवर उभी राहिली. आमच्याकडे नकारसुद्धा लेखी नव्हता. त्यामुळे आमच्या गावात कोणी अपिलाच्या दारात मेलं नाही. दारच नव्हतं.

म्हणून हा चित्रपट कोणी दाखवणार असेल तर माझी एक विनंती आहे. फूड बँकेच्या दृश्याला डोळे भरून येऊ द्यावेत, पण भिंतीवरची ती तारखेची मागणी विसरू नये. चर्चेत कोणीतरी विचारावं की आपल्या गावात शेवटची पोचपावती कोणाला, कोणत्या तारखेची मिळाली.

त्या अर्जांच्या ३७ झेरॉक्स प्रती माझ्या कपाटात आहेत. कडा पिवळ्या पडल्या, अंगठे अजून स्पष्ट दिसतात. शिक्का एकीवरही नाही.